उसनं नाक

३ फेब्रुवारी

ताई,

हे माफीचं पत्र नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे तू भलत्या आशेने पुढे वाचणार नाहीस. मला फक्त एक आकडा हवा आहे.

तू फोन उचलत नाहीस. ईमेल पाठवली तर अर्ध्या मिनिटात परत येते, आणि तीही इतक्या उद्धटपणे, की तू यंत्रालासुद्धा माझ्याबद्दल काहीतरी सांगून ठेवलं असावंस. तेव्हा आता कागद. पोस्टमनला तू अडवणार नाहीस, कारण विजेचं बिलही तोच आणतो.

पण या कागदाला आईची अट आहे. ती म्हणाली, "तीन वर्षं झाली तुमचं बोलणं बंद होऊन. नेमकं कशावरून बिनसलं ते मला कोणीच धड सांगत नाही. आता तू जे लिहिशील ते मी आधी वाचणार. मला समजलं तरच पाकिटाला डिंक." तुला माहीतच आहे, डिंक तिच्या ताब्यात असतो. म्हणून पुढचा मजकूर आईसाठी आहे. तू सोडून दे. किंवा वाच, चुका काढायला तुला आवडतंच.

तर आई, तारा जन्माला येतो तेव्हा गप्प पडून राहत नाही. आजूबाजूचा गार वायू आणि धूळ तो स्वतःकडे ओढतो, आणि त्याच वेळी दोन बाजूंनी वायूच्या चिळकांड्या बाहेर फेकतो. त्या चिळकांड्या भोवतीच्या स्वस्थ बसलेल्या वायूवर आदळतात. धडक बसली की तो वायू एकदम तापतो. आता गंधक. आकाशात गंधक जितकं असायला हवं, तितकं या गार ढगांमध्ये सापडतच नाही. शंभरातलं एखादं हाती लागतं. बाकीचं बहुधा धुळीच्या कणांवरच्या बर्फात दडून बसलेलं असतं. धडक बसली की कण खरवडले जातात, बर्फ उडतो आणि गंधक बाहेर येऊन कधी ऑक्सिजनशी, कधी हायड्रोजनशी जोडी जमवतं. अशा प्रत्येक जोडीची रेडिओ लहर ठरलेल्या आकड्यावर येते. आमच्या आलेखावर तिथे एक टोक उभं राहतं, त्याला आम्ही रेषा म्हणतो. ताई तिच्या प्रयोगशाळेत तोच वायू काचेच्या नळीत भरते आणि आकडा मोजते. मी दुर्बिणीने आकाशात तो आकडा शोधतो. वीस वर्षं हा कारभार सुरळीत चालला होता.

तीन वर्षांपूर्वी मला एक रेषा सापडली. दोन गंधक असलेल्या एका रेणूची, जी माझ्याआधी कोणालाही सापडलेली नव्हती. ताईला ती पटली नाही. थोडा मतभेद झाला. संपलं.

आईने हे दोनदा वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे गारठ्यात रुसून बसतं आणि धक्का बसला की बाहेर येतं. ठीक आहे, समजलं. कोणासारखं ते मी बोलत नाही."

आता आकडा. माझ्या रेषेशेजारच्या आकड्यांच्या पट्ट्यात सल्फर डायॉक्साइडची जी दणदणीत रेषा आहे, तिचा तू मोजलेला आकडा हवा. तीन दशांश स्थळं पुरेत. काही विशेष कारण नाही, सहज.

तुझा
भाऊ

*ता.क. (आईच्या हातचं)* : काही विशेष कारण नाही म्हणतोय, पण चार दिवस धड जेवलेला नाही. आकडा पाठव. – आई


२१ फेब्रुवारी

ताई,

माझं पत्र मला परत मिळालं. लोक पत्राला उत्तर पाठवतात. तू पत्र तपासून पाठवलंस.

लाल शाईतल्या दुरुस्त्या पाहिल्या. 'शंभरातलं एखादं' खोडून 'काही ढगांत हजारातलं एखादं'. मान्य. 'वीस वर्षं' खोडून 'सतरा'. मी मोजून पाहिली, सतराच आहेत. 'थोडा मतभेद' या शब्दांभोवती गोल काढून नुसतं एक प्रश्नचिन्ह. आई विचारते आहे की ते कशाबद्दल. मी म्हटलं, शुद्धलेखन असेल.

समासात आकडा होता. मी तीन दशांश मागितले होते, तू चार दिलेस. मी तो कागद दिवसभर खिशात घेऊन फिरलो.

आता तुला सहज म्हणजे काय ते सांगतो. जानेवारीत दुर्बिणीवर गेलो होतो. तिथले मामा तुला आठवतात. दुर्बीण फिरवणं हे त्यांचं काम, आणि तिच्यावर काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते भाच्यासारखं वागवतात. मी जुनी नोंद पडद्यावर उघडली होती. मामा मागे उभे राहून चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "ही शेपटी उलटी कशी हो?"

आई, ही शेपटी म्हणजे अशी. ज्या वायूला धडक बसली आहे तो आपल्या दिशेने धावत येतो, म्हणून त्याच्या रेषा एका बाजूला ओघळलेल्या दिसतात. त्या ढगातल्या सगळ्या रेषांच्या शेपट्या उजवीकडे होत्या. फक्त माझ्या रेषेची डावीकडे.

ताई, हे मला तेव्हाही दिसलं होतं. मी त्यासाठी एक सिद्धांत मांडला होता. दोन गंधकांचा रेणू म्हणे धडकेच्या मागच्या बाजूला तयार होतो आणि म्हणून उलट दिशेने वाहतो. साडेचार पानं, तीन आकृत्या. एका परदेशी गृहस्थांनी त्या सिद्धांतावर पुढे काम केलं आहे, त्यांना मी आता कुठल्या तोंडाने पत्र लिहू ते कळत नाही.

उलटी शेपटी आरशात दिसते. आमचा संग्राहक, म्हणजे दुर्बिणीचा रेडिओ, एका वेळी दोन पट्टे ऐकतो, एक हवा असलेला आणि एक नको असलेला. नको असलेला दाबून टाकलेला असतो, पण पुरता दबत नाही. तिकडे एखादी रेषा फारच दणदणीत असली, तर तिची पुसट सावली इकडे पडते, आणि तीही उलटी होऊन. त्या सावलीला आम्ही भूत म्हणतो. भूत ओळखायची रीत सोपी आहे. ट्यूनिंग किंचित हलवायचं. खरी रेषा जागची हलत नाही. भूत चालायला लागतं. दहा मिनिटांचं काम. पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही हे शिकवतो. मीच शिकवतो.

परवा मंगळवारी सकाळी साडेअकराला मामांनी ट्यूनिंग हलवलं. मी पडद्याकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत होतो. मामा म्हणाले, "सर, तुमची निघाली."

तुझा आकडा मी आरशात मांडून पाहिला. भूत जिथे पडायला हवं तिथेच माझी रेषा होती. चौथ्या दशांशापर्यंत. तीन दिले असतेस तर मी अजून महिनाभर वाद घातला असता, हे तुला बरोबर ठाऊक होतं.

त्या वार्षिक सभेत तू पहिल्या रांगेतून हेच विचारलं होतंस. "ट्यूनिंग हलवून पाहिलंस का?" मी पन्नास तास निरीक्षण केलं होतं आणि त्यातली दहा मिनिटं मला मिळाली नव्हती. वेळ नव्हता असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. वेळ होता. मला भीती वाटत होती. रेषा इतकी देखणी होती, ताई, की तिला हात लावायची छाती झाली नाही.

आता तरी फोन उचलशील?

तुझा
भाऊ

*ता.क.* : भुताचं समजलं. पण एवढ्यावरून कोणी तीन वर्षं अबोला धरत नाही. ही माझी मुलगी आहे, मी तिला ओळखते. काहीतरी गाळलंय याने. – आई


२४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र कार्यालयातून लिहितो आहे. डिंक इथला आहे. आईला यातलं काही माहीत नाही.

आईने बरोबर पकडलं. मी गाळलं आहे. दोन्ही पत्रांत गाळलं. सभेत तू प्रश्न विचारलास इथपर्यंत लिहितो आणि पुढे एकदम आजच्या तारखेला येतो. मध्ये मी तुला काय उत्तर दिलं, ते लिहायला बसलं की पेनातली शाई संपते.

त्या मोठ्या तापानंतर तुला वास येईनासा झाला, तेव्हा तू मला फोन करून सांगितलंस. सांगताना हसत होतीस. म्हणालीस, "गंधकाच्या बाईला गंधच येईना, काय मजा आहे बघ." मग हसणं थांबवून म्हणालीस, कोणाला सांगू नकोस, आईला तर मुळीच नको, ती काळजी करत बसेल. मी शब्द दिला. दोन वर्षं पाळलाही.

आणि मग तीनशे माणसांसमोर तू मला अडचणीत आणणारा प्रश्न विचारलास, तेव्हा मी माईक जवळ ओढला आणि म्हणालो, "ज्यांना समोरच्या बाटलीतला वास येत नाही, त्यांनी कित्येक प्रकाशवर्षांवरच्या गंधकाची काळजी करू नये." सभागृह हसलं. लोकांना वाटलं, भावाबहिणीची थट्टा आहे. तू खाली बसलीस. तिसऱ्या रांगेत तुझे संचालक होते, ते हसले नाहीत. त्यांनी वही काढून काहीतरी टिपून घेतलं. हे मला व्यासपीठावरून दिसलं होतं, ताई. दिसलं, आणि मी पुढची आकृती लावली.

पंधरा दिवसांत तुझी वायूची खोली बंद केली. विषारी वायूसोबत काम करणाऱ्याला वास ओळखता आला पाहिजे, असा नियम आहे म्हणे. तुला पुस्तकांच्या नोंदी तपासायला बसवलं. दोन गंधकांच्या रेणूचं तुझं मोजमाप अर्ध्यावर राहिलं. आणि गंमत बघ, ते पूर्ण झालं असतं तर माझी रेषा खोटी आहे हे त्याच महिन्यात सिद्ध झालं असतं. मी तुझं तोंड बंद करायला गेलो आणि स्वतःची चूक तीन वर्षं जपून ठेवायची सोय करून बसलो.

तुझ्याशी भांडलो होतो आकड्यावरून, असं मी स्वतःला सांगत आलो. आकड्यावरून तू कधी रुसली नसतीस. आकड्यांवरून आपण सतरा वर्षं भांडतच होतो.

मला फार लाज वाटते. हे माफीचं पत्र आहे.

आईकडून कळलं की मार्चअखेर तुझी खोली रिकामी करणार आहेत, सभागृहातल्या जादा खुर्च्या ठेवायला. तिला वाटतं तू नव्या खोलीत जाते आहेस. तू तसं सांगितलंस ना? त्या नळ्या, ते पंप, सगळं भंगारात जाणार. मी काहीतरी करतो. तू मला काही करायला सांगितलेलं नाहीस हे मला मान्य आहे.

भाऊ


१८ मार्च

ताई,

काल तू समितीच्या खोलीत होतीस, तेव्हा तुला सगळं माहीत आहे. पण आईला हवं आहे, आणि तू पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होतीस. तेव्हा तुझ्यासाठीही लिहितो.

आई, ताईच्या संस्थेत एक सुरक्षा समिती आहे. ताईच्या कामात वायू असतात, म्हणून तिने काम करावं की नाही हे ती समिती ठरवते. (आईने विचारलं, इतकी वर्षं करत होती तेव्हा समिती कुठे होती. मी म्हटलं, झोपली होती, मी जागी केली. कशी ते विचारू नकोस. तिने विचारलं नाही.)

समितीत पाच जण. अध्यक्ष म्हणजे प्रशासनातले ते उंच गृहस्थ, जे बोलताना प्रत्येक वाक्याला 'त्या अनुषंगाने' लावतात. मी माझं निवेदन वाचलं. माझा लेख मी मागे घेतला आहे, रेषा खोटी होती, ताईंचा प्रश्न बरोबर होता, मी त्याला जे उत्तर दिलं ते वाद जिंकण्यासाठी दिलं होतं आणि ते नीच होतं. 'नीच' हा शब्द इतिवृत्तात घ्यावा की 'अनुचित' घ्यावा, यावर दहा मिनिटं गेली. शेवटी 'नीच (वक्त्याच्या शब्दांत)' असं ठरलं.

मग मी मुद्द्यावर आलो. सडक्या अंड्याच्या वासाचा जो वायू ताई वापरते, तो जास्त झाला तर आधी नाकच बधिर करतो. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं वायू गेला. म्हणजे या कामात नाकावर विसंबणारा माणूस सगळ्यात धोक्यात. ताईच्या खोलीत धोक्याची घंटा वाजवणारी दोन यंत्रं आहेत. तीस वर्षांत तिथे एकदाही अपघात नाही.

अध्यक्ष म्हणाले, "ते बरोबर आहे. परंतु त्या अनुषंगाने नियमात 'कर्मचाऱ्यास वास ओळखता यावा' असं आहे. यंत्र हे कर्मचारी नाही."

मी म्हटलं, "मग कोणत्या कर्मचाऱ्याला ओळखता येतो ते तरी कधी तपासलं आहे का?"

यावर भांडारपालाला बोलावलं. त्याने बिचाऱ्याने अर्ध्या तासात सहा बाटल्या भरून, त्यांवर क्रमांक चिकटवून आणल्या. पहिला मान अध्यक्षांचा. चार नंबरची बाटली नाकाशी धरून डोळे मिटले आणि म्हणाले, "गंधक. यात शंकाच नाही." चार नंबरमध्ये नळाचं पाणी होतं. हिशेबनीस बाई दोन नंबरला शिंकल्या आणि पुढे शिंकतच राहिल्या, त्यांना वगळलं. तिसऱ्या सदस्यांना सगळ्या बाटल्यांना तंबाखूचा वास आला. त्यांच्या मिशीला तंबाखूचा वास येतो हे त्यांना कोणी सांगितलं नाही. चौथे म्हणाले मला सर्दी आहे, पाचवे म्हणाले मलाही. मी सहापैकी पाच ओळखल्या. सहावी मी व्हिनेगर म्हणालो, तो भांडारपालाचा सकाळचा चहा निघाला.

एवढं झाल्यावर माणसांना लाज वाटते, पण समितीला वाटत नाही. तिने ठराव केला की ताईंना काम करता येईल, मात्र वायू चालू असताना शेजारी एक 'वासक्षम व्यक्ती' हजर असावी. विभागातल्या कोणालाच सडक्या अंड्याशेजारी दिवसभर उभं राहायचं नव्हतं. मी हात वर केला. पहिल्या आठवड्यापुरतं तरी मी येतो म्हटलं, तोवर ते माणूस शोधतील.

अध्यक्षांनी ताईला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? दोन तासांत ती पहिल्यांदा बोलली. "त्याला बोलायला बंदी असावी."

ठरावात आधीच सहा अटी होत्या, ही सातवी. एकमताने मंजूर.

तुझा
भाऊ

*ता.क.* : एवढं सगळं नाकाबद्दलच का चाललं होतं, ते याने मला सांगितलेलं नाही. मीही विचारणार नाही. आठवडाभर तुझ्याकडे राहील, त्याला अंथरूण जाड दे, कंबर धरते. – आई


६ एप्रिल

ताई,

कार्डावर तुझ्या जादा अटी मिळाल्या.

अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, मान्य. कांदा खाऊन यायचं नाही, मान्य. विचारलं की फक्त 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचं, मान्य. पंपाला हात लावायचा नाही, पंपाबद्दल मत असू द्यायचं नाही. मत आहे, पण आणणार नाही. सुस्कारे टाकायचे नाहीत, याचा प्रयत्न करतो. माझ्याकडून ते नकळत होतं, आईही ओरडते.

सोमवारी सकाळच्या गाडीने पोचतो.

भाऊ


४ मे

ताई,

घरी सुखरूप पोचलो. आठवड्याचे तीन आठवडे झाले, कारण तुमच्या विभागाला माणूस सापडेना. मला वाटतं त्यांनी शोधलाच नाही. मी काही बोललो नाही. बोलायला बंदी होती.

मी हिशेब ठेवला आहे. तू मला तीनशे बारा वेळा "वास?" असं विचारलंस. मी तीनशे अकरा वेळा "नाही" म्हणालो. एकदा "आहे" म्हणालो, तेव्हा तू झडप बंद केलीस, पंप थांबवलास, सगळा मजला जिन्याखाली नेऊन उभा केलास, आणि वीस मिनिटांनी कळलं की वास माझ्याच डब्यातल्या उकडलेल्या अंड्याचा होता.  जिन्यात तुझे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहेस. मग तू वळलीस तेव्हा दिसलं, हसू दाबताना तुझा चेहरा लालबुंद झाला होता. तीन वर्षांनी मी ते पाहिलं, आणि अध्यक्ष शेजारी उभे असताना मला सुस्कारा आवरला नाही. ती अट मोडली, कबूल.

शेवटच्या शुक्रवारी मोजमाप पूर्ण झालं. दोन गंधकांच्या रेणूचे एक्केचाळीस आकडे. तू कागद माझ्यापुढे सरकवलास, मी ते एकेक करून माझ्या आकाशातल्या नोंदीवर मांडले. दुपारी दोनपर्यंत बसलो होतो. एकही जुळला नाही. तू समोर बसून पेन्सिलीला टोक काढत होतीस, गरज नसताना. तुला वाटत होतं मी आता काहीतरी काढणार, एखादी उलटी शेपटी, एखादा सिद्धांत. शेवटी तूच म्हणालीस, "बोल, बंदी उठली."

मी म्हटलं, "आकडे बरोबर आहेत. तो रेणू तिथे नाही."

"नाही असं नाही," तू म्हणालीस. "असलाच तर तुझ्या दुर्बिणीला दिसण्याइतका नाही. तसं लिहू." लिहू म्हणालीस. लिही नाही म्हणालीस.

हे सगळं तुला माहीत आहे. आईसाठी लिहिलं. पुढचं तुझ्यासाठी आहे, आणि आईही वाचणार आहे, ते का ते सांगतो.

निघताना मी आईने दिलेली शाल तुझ्या हातात दिली, तुझ्या खोलीतल्या गारव्यासाठी. तू ती मांडीवर घेऊन बसलीस आणि विचारलंस, "हिला अजून आईचा वास येतो का रे?"

मी म्हटलं, "येतो."

"कसा?"

तीनशे बारा वेळा मी फटकन उत्तर दिलं होतं. या वेळी मी आधी घड्याळाकडे पाहिलं. मी म्हणालो, "आईसारखा." तू मान हलवलीस आणि शाल पिशवीत ठेवलीस. गाडीची वेळ झाली होती.

गाडीत बसल्यावर मला कळलं की मी कधी वास घेतलाच नव्हता. चौपन्न वर्षं त्या बाईच्या घरात राहतो आहे आणि मला सांगता येईना. मी तुझ्यावर ती कोटी केली तेव्हा तुझं काय गेलं आहे याचा मला पत्ताच नव्हता. मला वाटत होतं, गॅस गळत असेल तर कळणार नाही, एवढंच. आईसुद्धा गेली आहे त्यात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

म्हणून काल आई बागेत बसली असताना मी तिच्या खोलीत जाऊन तिची दुसरी शाल, तपकिरी, नाकाला लावून उभा राहिलो. डोळे मिटून. समितीच्या अध्यक्षांसारखाच दिसत असणार. आणि आई दारात.

"काय करतोयस?"

मी म्हटलं, "काही नाही, धुवायला झाली का बघतोय."

आई आत आली, पलंगावर बसली. म्हणाली, "तिने विचारलं का?"

ताई, तिला माहीत आहे. तू पाच वर्षांपूर्वी इथे आली होतीस, तेव्हा दूध करपून भांडं काळं झालं, शेजारचे दार वाजवायला आले, आणि तू ओट्याशेजारी बसून पुस्तक वाचत होतीस. आईला तेव्हाच कळलं. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तिने सांगितलं नाही, म्हणजे तिला सांगायचं नसेल. आपण कशाला बोलायचं?" एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघूनही म्हणाली नाही. मी खाली मान घालून शालीची घडी करत बसलो, चार वेळा केली, चारही वेळा वाकडी झाली.

मग तीच म्हणाली, "नीट वास घे आणि नीट लिहून पाठव. तुझं ते वरवरचं नको."

म्हणून हे लिहितो.

आधी डांबरगोळ्यांचा येतो. तो कपाटाचा आहे, दोन मिनिटांत उडतो. मग तिच्या गुडघ्याच्या मलमाचा, नाकात झोंबणारा. मग अंगाच्या साबणाचा, पण ओल्या साबणाचा नाही, वडीला भेगा पडल्यावर येतो तसा कोरडा. खांद्यापाशी खोबरेल तेलाचा, थोडा जुना झालेला. शालीच्या एका टोकाला चहाचा, कारण ती कप त्या टोकाने धरते. आणि हे सगळं बाजूला केलं की खाली एक उरतो. त्याला मला नाव देता येत नाही. कोमट आहे. जरासा आंबूस. लहानपणी ताप आल्यावर तिच्या पोटाशी डोकं लावून झोपायचो, तू एका बाजूला, मी एका बाजूला, तेव्हा यायचा तो. मला वाटलं होतं वयामुळे बदलला असेल. बदललेला नाही, ताई. तोच आहे.

अजून कशाचा हवा असेल तर विचारत जा. मी जाऊन घेऊन येईन आणि लिहून पाठवीन.

तुझा
भाऊ